रुमालाखालचा आकडा

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत आरती झाली, प्रसादाची रांग लागली, आणि मी द्रोण हातात घेऊन कोपऱ्यात उभी होते. तेवढ्यात एक गृहस्थ जवळ आले. चेहरा ओळखीचा होता. दर दिवाळीला नाटकाच्या वेळी ध्वनिव्यवस्था सांभाळतात, त्यापलीकडे फारसं बोलणं कधी झालं नव्हतं.

"ताई, तुम्ही घोड्यांचं काहीतरी करता ना?"

हा प्रश्न मला मंडळात गेली वीस वर्षं विचारला जातोय. पहिल्यांदा लोकांना वाटतं रेस. मग वाटतं लग्नातला नवरदेवाचा घोडा. (तोही एकदा मी जमवून दिलाय, पण ती गोष्ट वेगळी.) मी सांगते, की मी शो जंपिंगचे घोडे शोधून देते. मैदानात रंगीत दांड्यांचे अडथळे मांडलेले असतात, घोड्यानं स्वाराला घेऊन ते ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या वेळात ओलांडायचे, दांडा पडला की चार दंडगुण. त्यासाठी ज्यांना घोडा हवा असतो त्यांच्यासाठी मी घोडा बघते, तपासते, सौदा ठरवते. एवढं सांगून झालं की समोरचा हसून लाडवाकडे वळतो.

हे गृहस्थ वळले नाहीत. म्हणाले, "माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. आठव्या वर्षापासून शिकतेय. आता स्वतःचा घोडा हवा म्हणते. चांगला घोडा केवढ्याला मिळतो?"

मी विचारलं, "तुमचं बजेट किती आहे, दादा?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. जणू मी त्यांचा पगार विचारला होता. आपण मराठी माणसं आकडा चारचौघांत सांगत नाही. मग आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "पंधरा हजार. पण वहिनींना अजून सांगितलेलं नाही. म्हणजे तुमच्या वहिनींना. माझ्या बायकोला."

आणि मला एकदम रुमाल आठवला.

माझ्या आजोबांचा धुळ्याला टांगा होता. घोडा म्हातारा झाला की नवा घ्यायला ते सारंगखेड्याच्या यात्रेला जायचे. तापीच्या काठी एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, दत्तजयंतीला तिथं यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. तेव्हा ते गाव धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. मी नऊ वर्षांची असताना हट्ट करून त्यांच्याबरोबर गेले. थंडी, धूळ, खिंकाळणं, शेव-भजीचा वास, आणि डोळा पुरणार नाही इतके घोडे. पांढरे, अबलख, कुमैत. लोक घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघत होते. देवमण असला की किंमत चढायची, अशुभ भोवरा असला की उतरायची. आजोबा भोवऱ्यांकडे फारसं बघायचे नाहीत. ते आधी दात बघायचे, मग घोड्याला कडक जमिनीवर दुडक्या चालीनं पळवायला सांगायचे, आणि मला म्हणायचे, "डोळे मीट आणि टापा ऐक. चारी टापा एका तालात पडल्या तर घोडा बरा. एक टाप हळू पडली, तर कितीही देखणा असो, पुढं चल."

सौदा ठरताना मात्र मला काहीच ऐकू यायचं नाही. दलाल आणि आजोबा हात हातात घ्यायचे, त्यावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे. चेहरे कोरे. आजूबाजूच्यांना आकडा कळू नये म्हणून ही रीत. घरी येताना मी विचारलं, "आजोबा, रुमाल कशाला?" ते म्हणाले, "रीत आहे. पण लक्षात ठेव, आकडा झाकलेला असला की फायदा दलालाचा."

पुढं मीच दलाल होईन असं त्यांना वाटलं नसणार.

लग्न होऊन 1996 साली मी इंग्लंडला आले. नवरा दिवसभर कामावर, मी घरात एकटी. हर्टफर्डशायरमधल्या आमच्या घरापासून दोन मैलांवर एक यार्ड होतं, म्हणजे घोड्यांचा तबेला. एक दिवस चालत तिथवर गेले आणि कुंपणाशी उभी राहून नुसता वास घेतला. लीद, सुकं गवत, ओलं चामडं. रडू आलं. धुळ्याचा वास हर्टफर्डशायरमध्ये सापडेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून तिथं लीद उचलायला जायला लागले, फुकट. मग पगारावर. मग ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या परीक्षा दिल्या, शिकवायला लागले, आणि शिकणाऱ्यांनी घोडे शोधून द्यायला सांगितलं म्हणून या धंद्यात पडले. सासूबाई अनेक वर्षं नातेवाइकांना सांगायच्या, "सूनबाई शिक्षिका आहे." ते खोटंही नव्हतं.

तर, दादांचा प्रश्न. चांगला घोडा केवढ्याला मिळतो?

याचं खरं उत्तर असं, की चांगला घोडा म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला बजेटच भाग पाडतं. शो जंपिंगच्या घोड्याची किंमत माझ्या अनुभवात चार गोष्टींवर ठरते. वय, केलेली कामगिरी, तब्येत आणि स्वभाव. चार-पाच वर्षांचा घोडा अजून काही शिकलेला नसतो, त्याची किंमत स्वप्नावर ठरते. सात ते दहा वर्षांचा, मोठे अडथळे ओलांडलेला, निरोगी आणि शांत असा घोडा सगळ्यात महाग, कारण तो आज विकत घेऊन उद्या मैदानात उतरवता येतो. तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर किंमत उतरायला लागते. उडी विसरतो म्हणून नव्हे, पुढची वर्षं कमी उरलेली असतात म्हणून. चारही गोष्टी हव्या असतील तर खूप पैसे लागतात. पैसे कमी असतील तर चारांतली एक सोडावी लागते. कोणती सोडायची, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणं हेच माझं काम. घोडा शोधणं त्यामानानं सोपं.

दादा दुसऱ्या आठवड्यात बायको आणि मुलीला घेऊन घरी आले. वहिनींना आकडा कळलेला दिसत होता, कारण त्या चहाचा कप हातात धरून गप्प बसल्या होत्या. मुलीनं मोबाइलमध्ये घोड्यांच्या चित्रफिती साठवून आणल्या होत्या. तिला 1.20 मीटरचे अडथळे असलेल्या फॉक्सहंटर वर्गात उतरायचं होतं. सध्या ती रायडिंग स्कूलच्या घोड्यावर 80 सेंटिमीटर करत होती. मधे 90 सेंटिमीटर, एक मीटर, आणि न्यूकमर्सचा 1.10 अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी दहा सेंटिमीटरची, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. पण घोड्याच्या पाठीवरून बघितलं की त्या दहा सेंटिमीटरचा अर्थ कळतो.

मी कागद घेतला आणि पंधरा हजार वर लिहिले. मग वजाबाकी सुरू केली. घोडा विकत घेण्याआधी पशुवैद्याकडून तपासून घ्यायचा, क्ष-किरण फोटो काढायचे. पहिलाच घोडा पास होईल असं नाही, म्हणून दोन-तीन तपासण्यांचे दीड हजार. माझं कमिशन दहा टक्के, धरा हजार. खोगीर, लगाम आणि बाकी सामान, जुनं घेतलं तरी हजार. आणि पहिल्याच महिन्यात काही झालं तर हाताशी हवेत म्हणून दीड हजार. राहिले दहा.

"म्हणजे पंधरा हजारांच्या बजेटचा घोडा दहा हजारांचा असतो," वहिनी पहिल्यांदाच बोलल्या.

"हो. आणि अजून संपलं नाही."

मग पोसण्याचा हिशेब. यार्डात जागा, चारा, रोजची देखभाल याला इथं लिव्हरी म्हणतात. सगळं काम यार्डवाल्यांनी करायचं तर महिन्याला हजाराच्या घरात. सकाळचं काम यार्डनं आणि संध्याकाळचं आपण केलं तर आमच्या भागात सहाशेच्या आसपास. दर सहा आठवड्यांनी नालबंद. लसी, विमा, दंतवैद्य, स्पर्धांच्या प्रवेश फिया, नेण्या-आणण्याचा खर्च. सगळं मिळून वर्षाला दहा हजारांच्या पुढंच जातं. घोड्याची किंमत एकदा द्यायची असते, घोडा दर महिन्याला विकत घ्यावा लागतो. आपल्याकडे पांढरा हत्ती म्हणतात तो इथं कुमैत रंगाचाही असू शकतो.

दादांनी तेव्हा मला स्नोमॅनची गोष्ट सांगितली. कमी बजेटवाला प्रत्येक बाप कधीतरी मला ही गोष्ट सांगतो, आणि ती खरीही आहे. हॅरी डिलेयर नावाचा हॉलंडहून अमेरिकेत गेलेला घोडेस्वार 1956 साली पेनसिल्व्हेनियातल्या लिलावाला उशिरा पोचला. उरलेले घोडे कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवले होते. त्यातला एक करडा, नांगराला जुंपलेला घोडा त्यानं ऐंशी डॉलरला घेतला. पुढं तो शेजाऱ्याला विकला, तर घोडा कुंपणं ओलांडून परत यायचा. 1958 आणि 1959 या दोन्ही वर्षी त्या घोड्यानं अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धा गाजवल्या.

"बघा ताई, ऐंशी डॉलर!" दादा म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, घोडा ऐंशी डॉलरचा होता. डिलेयरची नजर किती डॉलरची होती? तो माणूस लहानपणापासून घोड्यांत वाढलेला. ती नजर तुमच्या मुलीकडे अजून नाही, येईल. तोवर घोड्याला तिच्यापेक्षा जास्त यायला हवं."

मुलीनं मोबाइल खाली ठेवला. तिला राग आला होता, पण ऐकत होती.

आता इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. ती मी मंडळात कधी कुणाला सांगितलेली नाही.

बरीच वर्षं झाली. एका बाईंसाठी मी घोडा शोधत होते. बजेट तीस हजार पौंड. युरोपातल्या एका दलालानं घोडा दाखवला, सुंदर घोडी होती, अठ्ठावीस हजारांना सौदा झाला. माझं कमिशन बाईंनी दिलं, सगळं उघड. दोन महिन्यांनी एका स्पर्धेत त्या घोडीचा आधीचा मालक भेटला. बोलता बोलता म्हणाला, "वीस हजारांना दिली मी, चांगल्या घरी गेली याचा आनंद आहे." मधले आठ हजार त्या दलालानं ठेवले होते. माझ्या गिऱ्हाइकाचं बजेट तीस हजार आहे हे त्याला मीच सांगितलं होतं.

त्यातला एक पेनीसुद्धा मी घेतला नव्हता. पण मी गप्प बसले. आठ महिने. कारण त्या दलालाकडे चांगले घोडे यायचे आणि मला पुढची चार गिऱ्हाइकं होती. घोडी चांगलीच आहे ना, असं स्वतःला समजावत राहिले. ती होतीही चांगली. पण बाई दर वेळी मला मिठी मारून थँक्यू म्हणायच्या, आणि मला आजोबांचा रुमाल दिसायचा. शेवटी एक दिवस त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं आणि माझं कमिशन परत केलं. त्यांनी चेक घेतला, दार उघडलं आणि म्हणाल्या, "पैशाचं काही नाही, पण तुम्ही आठ महिने माझ्या घरी चहा प्यायलात." त्यानंतर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. त्या दलालाशी मीही नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. विकणाऱ्याच्या हातात किती पडतात ते घेणाऱ्याला कागदावर दिसलं पाहिजे. आणि गिऱ्हाइकाचं बजेट मी विकणाऱ्याला कधी सांगत नाही. आकडा कळला की घोड्याची किंमत बरोबर त्या आकड्यापर्यंत चढते. बजेट मला खरं सांगा, जगाला सांगू नका, एवढंच मी लोकांना विनवते. दादांनाही तेच सांगितलं.

आम्ही ऑक्टोबरपासून शोधायला लागलो. पूर्वी अशा बजेटसाठी मी हॉलंड किंवा बेल्जियमला जाऊन यायचे, तिथं निवड मोठी असते. 2021 पासून युरोपातून घोडा आणायचा म्हणजे वीस टक्के व्हॅट, आरोग्याचे दाखले आणि वाहतूक. एक लाखाच्या घोड्याला हे सगळं परवडतं, दहा हजारांच्याला नाही. ब्रेक्झिटचं घोडं पेंड खातं ते इथंच, कमी बजेटवाल्यांच्या दाराशी. म्हणून आम्ही इंग्लंडमध्येच शोधलं.

पहिला घोडा पाच वर्षांचा, साडेसात हजारांचा. उडी अशी की मुलगी हरखली. पण एकदा कबुतर उडालं आणि घोडा तिला घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. मी नको म्हटलं. स्वस्त होता, कारण त्याला शिकवण्याची दोन वर्षं किमतीतून वजा केलेली होती. ती दोन वर्षं आणि ते हात आमच्याकडे नव्हते.

दुसरी घोडी नऊ वर्षांची, आयरिश, 1.20 मीटर करणारी, डोळे गाईसारखे शांत. मुलगी तिच्यावर बसली आणि अर्ध्या तासात एक मीटरचा अडथळा ओलांडला. उतरली तेव्हा तिचा चेहरा मी विसरणार नाही. किंमत पंचवीस हजार. मी ती घोडी दाखवायलाच नको होती. चूक माझी. विकणारीनं फोनवर "किमतीचं बघू" म्हटलं होतं आणि मी त्यावर विसंबले. बजेटबाहेरचा घोडा मुलाला दाखवू नये. त्यानंतर बजेटमधले सगळे घोडे फिके वाटतात.

त्या रात्री साडेदहाला दादांचा फोन आला. गाडीत बसून बोलत होते, बाहेरचा पाऊस ऐकू येत होता. "ताई, मी कर्ज काढतो. घरावर मिळेल. एकुलती एक मुलगी आहे. आमच्या वेळी बाबांनी सायकलसुद्धा घेऊन दिली नव्हती."

आता बघा, पंचवीस हजारांच्या घोडीवर माझं कमिशन अडीच हजार. दहा हजारांच्या घोड्यावर एक हजार. कागदावर ती घोडी निर्दोष होती. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तर कुणीही मला दोष दिला नसता, आणि सगळे खूश झाले असते. काही महिने.

मी विचारलं, "वहिनींना सांगितलं?"

बराच वेळ फक्त पाऊस.

मी म्हटलं, "दादा, घोडा काचेच्या भांड्यासारखा असतो. उद्या कुरणात खड्ड्यात पाय गेला आणि शिरा तुटल्या, तर वर्षभर पोसायचा आणि उडी शून्य. विमा सगळं भरून देत नाही. दहा हजारांचा तोटा झाला तर तुम्ही दुःखी व्हाल. कर्जाचे पंचवीस गेले तर त्या पोरीला आयुष्यभर वाटेल की माझ्या हट्टापायी घर धोक्यात आलं. मैदानात अडथळ्यासमोर तिच्या डोक्यात तेच असेल. घोड्याला ते कळतं. तो अडतो."

त्यांनी फोन ठेवला. दहा दिवस काही निरोप नाही. मला वाटलं गिऱ्हाईक गेलं. दिवाळीच्या कार्यक्रमात ध्वनिव्यवस्थेच्या टेबलामागून त्यांनी लांबूनच हात केला. फराळाच्या टेबलाशी वहिनी जवळ आल्या, माझ्या ताटलीत न विचारता दोन चकल्या ठेवल्या आणि हळूच म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलं मला. पुढचा घोडा कधी बघायचा?"

तिसरा घोडा आठ वर्षांचा, देखणा, साडेनऊ हजार. सगळं जुळत होतं, आणि सगळं जुळतंय म्हणूनच मला धाकधूक होती. आम्ही पाच टप्प्यांची तपासणी ठेवली. आधी पशुवैद्य उभ्या घोड्याचे डोळे, दात, हृदय तपासतात. मग चालवून, दुडक्या चालीनं पळवून बघतात. मग स्वार बसवून घाम येईपर्यंत काम, मग विश्रांती, आणि पुन्हा दुडकी. रक्ताचा नमुना घेऊन सहा महिने ठेवतात, म्हणजे दुखणं लपवायला औषध दिलं असेल तर नंतरही कळतं. पाय वाकवून काही वेळ धरायचा आणि सोडल्याबरोबर पळवायचा, अशीही एक चाचणी असते. मागचा उजवा पाय सोडला तेव्हा मी सवयीनं डोळे मिटले. टप, टप, टप... एक टाप हळू पडली. मी डोळे उघडले तर पशुवैद्यबाई कागदावर लिहीत होत्या. त्या "नापास" असं म्हणत नाहीत, "या कामासाठी योग्य वाटत नाही" असं लिहून देतात. मुलगी गाडीत जाऊन बसली. तपासणीचे पैसे गेले. पण वजाबाकीत ते आधीच धरलेले होते, म्हणून दादा फक्त एवढंच म्हणाले, "चला, एक झाली."

चौथा घोडा फेब्रुवारीत सापडला. चौदा वर्षांचा, डच, खच्ची केलेला, पोट जरा सुटलेलं. ऐन उमेदीत 1.30 मीटर करून झालेलं. मालकीण कॉलेजला निघाली होती. किंमत साडेआठ हजार. पासपोर्टवरचं डच नाव आमच्यापैकी कुणालाच उच्चारता येईना. क्ष-किरणात मागच्या पायांच्या सांध्यांत वयाप्रमाणे थोडी झीज दिसली. पशुवैद्यबाई म्हणाल्या, रोज हलका व्यायाम, अधूनमधून सांध्यात इंजेक्शन, आणि एक मीटरपर्यंतच काम ठेवलं तर काही वर्षं छान चालेल. 1.20 मात्र नाही.

मी कागद काढला आणि मुलीसमोरच मांडला. चारांपैकी आपण वय सोडतोय, आणि थोडी तब्येत. त्या बदल्यात अनुभव आणि स्वभाव घेतोय. दोन वर्षांनी हा घोडा विकून पैसे परत येणार नाहीत, ते गेले असं समजायचं. दोष लिहून ठेवले, विकणारीला किती मिळणार ते लिहिलं, माझे साडेआठशे लिहिले.

मुलगी घोड्याकडे बघून म्हणाली, "मावशी, ही इज सो ओल्ड. अँड राउंड. लाडू आहे नुसता."

नाव ठरलं, लाडू.

पहिले दोन महिने तिला तो आवडला नाही. तिच्या मैत्रिणींचे घोडे तरुण, चकचकीत. एका मैत्रिणीच्या वडिलांनी चाळीस हजारांचा घोडा घेतला होता. लाडू कुणाला प्रभावित करायच्या भानगडीत पडायचा नाही. गवत खायचा आणि काम आलं की करायचा. एप्रिलमध्ये तिची पहिली स्पर्धा, 90 सेंटिमीटर. पाचव्या अडथळ्याला ती चुकली. लगाम ओढला, वजन पुढं गेलं, मी कुंपणाशी श्वास रोखला. तरुण घोडा तिथं अडला असता आणि ती त्याच्या कानांवरून पलीकडे गेली असती. लाडूनं एक पाऊल आखूड टाकलं, हिशेब स्वतः केला, तिला घेऊन पलीकडे उतरला आणि कान सहाव्या अडथळ्याकडे फिरवले, जणू म्हणाला, बाई, पुढं बघ. एकही दांडा पडला नाही. ती बाहेर आली ती त्याच्या मानेला मिठी मारूनच. मग मला म्हणाली, "मावशी, ते माझं नव्हतं, त्याचं होतं. मला कळलं." मला एवढंच ऐकायचं होतं. नजर अशीच येते.

नंतर त्याच यार्डात त्या चाळीस हजारांच्या घोड्याची चर्चा झाली. तो विकायला काढलाय. घोड्यात काही दोष नाही, पण मुलगी त्याला घाबरते. मी दादांकडे पाहिलं नाही, दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

या सगळ्यात मी गरिबीचं कौतुक करतेय असं समजू नका. पैसा असला तर निवड मोठी होते, तपासणी पुन्हा करता येते, वाट बघता येते. या खेळात पैशाचं महत्त्व नाही असं म्हणणारा एकतर फार श्रीमंत असतो नाहीतर काहीतरी विकत असतो. लाडूवर बसून ती पोरगी फॉक्सहंटर करणार नाही, हे खरंय. दोन वर्षांनी तिला पुढचा घोडा लागेल आणि हा प्रश्न पुन्हा येईल. पण तेव्हा कागदाच्या एका बाजूला तिची स्वतःची नजर लिहिलेली असेल, आणि तिची किंमत मला अजून कुठल्या बाजारात दिसलेली नाही. दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. कष्टाच्या पैशानं घ्यायच्या घोड्याचे मात्र मोजावेत, आणि पोराबाळांसमोर मोजावेत. आपल्या मुलांपासून आपण आकडे झाकतो, त्यांना त्रास नको म्हणून. वहिनींनी यंदा मुलीला घरखर्चाची वही दाखवली. ती आता शनिवारी यार्डात दुसऱ्यांच्या घोड्यांची लीद उचलते आणि नालबंदाचे पैसे स्वतः भरते. तिनं हे मला इतक्या अभिमानानं सांगितलं, की मला धुळ्याचं आमचं अंगण आठवलं.

यंदाच्या दसऱ्याला आजोबांची रीत मी तिला सांगितली. घोड्याला न्हाऊ घालायचं, कपाळाला कुंकू लावायचं, गळ्यात झेंडूची माळ घालायची. संध्याकाळी तिनं फोटो पाठवला. लाडू चकचकीत, कपाळावर कुंकवाचं बोट, शेजारी ती हसतेय. गळ्यात नुसता दोरा.

खाली लिहिलं होतं, "मावशी, त्यानं माळ खाल्ली. दुसरी आणायला बजेट नाही."